आवाजाची पट्टी

माझा भाऊ गोरख म्हणजे आवाजातला माणूस, असं सगळा जुन्नर तालुका म्हणतो. जुन्नरला त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. लग्न असो की जत्रा, आधी त्याचे स्पीकर पोचणार आणि मग माणसं. म्हणून घरातल्या टीव्हीला आवाजाचं मशीन घ्यायचं ठरलं, तेव्हा त्याला फोन मी केला. दुसऱ्या कुणी नाही, मीच. आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मी नूतन. माहेर घाटघर, सासर घोडेगाव. अंगणवाडीत मदतनीस म्हणून इतकी वर्षं काढलीत की बोलणं जरा पुस्तकी झालंय. राग आला की मात्र घाटघर बाहेर पडतं, आणि मग आमचे हे गुपचूप चपला घालून स्टँडकडं चक्कर मारायला जातात.

हे म्हणजे माझे यजमान, रामदास. एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर डाव्या हाताला इंजिन, त्यात डावा कान गेला. गेल्या वर्षी लेकानं भिंतीएवढा टीव्ही आणून लावला. दिसायला एक नंबर, पण आवाज? मडक्यात तोंड घालून कुणी बोलावं तसला. सिनेमात दोघं हळू बोलायला लागली की हे आवाज वाढवणार, तेवढ्यात मारामारी सुरू होणार, वरचे पत्रे थडथडणार, आणि शेजारच्या बयाबाई भिंतीवर थापा मारणार. बरं, बोलणं कळलं नाही की मला विचारणार, "काय म्हणली गं ती?" मग मी सांगायचं, माझ्या ह्या घशानं.

घशाचंही सांगते. आठ वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातली गाठ काढली. डॉक्टरांनी आधीच समोर बसवून सांगितलं होतं, आवाजाची नस गाठीला चिकटलीय, जीव राहील पण आवाज जाईल असं धरून चाला. तसंच झालं. त्याच्या आधी मी गायची. म्हणजे कुठं स्टेजवर नाही. अंगणवाडीत पोरांची गाणी, हळदीला, बारशाला, आणि माहेरी गेले की आईबरोबर जात्यावर. आमच्या खोऱ्यातल्या बाया म्हणायच्या, नूतन गायला लागली की जातं हलकं होतं. आता माझं बोलणं म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. अंगणवाडीतली पोरं मला खरखरबाई म्हणतात. पोरंच ती, मला राग येत नाही. खोटं कशाला बोलू, येतो.

तर ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मी घाटघरला आईकडं गेले होते. आई, गोजरबाई, तेव्हा चांगली हिंडतीफिरती होती. तिच्या पडवीत जातं होतं, त्याचा खुंटा ढिला. फिरवलं की प्रत्येक फेऱ्याला टक् करायचा. आम्ही दोघी नाचणी दळायला बसलो. गोरख आला, त्यानं खिशातला मोबाईल काढून पडवीच्या खांबाला अडकवला, आणि म्हणाला, "ताई, गा. पुढं काय व्हईल कुनाला ठावं. एकदा गाऊन ठिव."

त्या दिवशी मला त्याची इतकी माया आली म्हणून सांगू! माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मी कडेवर घेऊन वाढवलेला. मी गायले. आई प्रत्येक ओळीच्या शेवटाला "हं, माय" म्हणून हुंकार देत होती. आणि ओवीत कुणाचं नाव घेणार? ओवीत गाणारी स्वतःचं नाव घालत नाही, ती भावाचं घेते. मी घेतलं.

दळीते मी बाई नाचणी, पीठ पडं झरझर
गोरखभाऊ माझा आला, घाट चढूनशान वर

गोरख खांबाला टेकून उभा होता, डोळे पुसत होता. ते डोळे मी विसरत नाही.

ऑपरेशन झालं, आवाज गेला. वर्षभरानं मी त्याला म्हटलं, ते गाणं मला माझ्या मोबाईलवर दे. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, तो मोबाईल कुकडीच्या पान्यात पडला गं. सगळं गेलं." मी घरी येऊन रडले, पण त्याच्यासमोर नाही. त्याच्यासमोर उलट मीच म्हणाले, जाऊ दे रे, तू कशाला मनाला लावून घेतोस. त्यानंतर आई गेली. म्हणजे माझा आवाज गेला आणि तो ज्यानं ऐकला होता ते माणूसही गेलं. कधी कधी मला स्वतःलाच वाटायचं, मी खरंच गात होते का लोकांनी आपलं बरं वाटावं म्हणून म्हटलं?

मग दोन वर्षांपूर्वी गोरखच्या लेकीचं, अक्षदाचं गाणं आलं. यूट्यूबवर. डोक्यावरून पदर घेतलेली, पुढ्यात जातं, मागं नाणेघाटाचे डोंगर, आणि हलगी अशी की अंगावर येते. शब्द आमच्याच घरचे, फक्त "गोरखभाऊ"च्या जागी "गोरखनाथ" होतं. देवाचं गाणं. गोरखनं मला सांगितलं, पोरीनं आजीकडून ओवी उचलली आणि देवाच्या पायावर घातली. मी म्हटलं, चांगलं झालं, आजीचं नाव निघालं. गाणं धो धो चाललं. जत्रेत, लग्नाच्या वरातीत, रिक्षात, जिकडं तिकडं तेच. अक्षदाला कार्यक्रमांची बोलावणी यायला लागली. आवाज बारीक होता, पोरसवदा, पण वळण आमचं होतं. एका हळदीत बायांनी विचारलं, कुणाची गं ही? मी छाती काढून म्हणाले, "माझी भाची! आत्याचा गळा आलाय पोरीला." गोरख शेजारीच होता. हसला. माझ्या पाठीवर हात ठेवून हसला.

मी ते गाणं मोबाईलला लावून घेतलं. गोरखचा फोन आला की तेच वाजायचं.

असो. आता मशीनचं.

घोडेगावच्या पेठेत गोकुळचं दुकान आहे, टीव्ही, मिक्सर, पंखे, आणि आतल्या खोलीत आवाजाची मशीनं. आम्ही दोघं पोचलो तेव्हा गोरख आधीच मोटारसायकल लावून उभा होता. "दाजी, ताई, आज मी निवडतो तेच घ्या," म्हणाला. "हे दुकानवालं कायबी गळ्यात मारतात."

गोकुळ तरुण पोरगा, पण डोक्यानं हुशार. त्यानं आधी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि विचारलं, "मावशी, खोली केवढी? वर स्लॅब का पत्रा? आणि बघता काय जास्त, पिक्चर, बातम्या, का गाणी ऐकता?" मी म्हटलं, "पत्रा. आणि ह्यांना बोलणं कळलं पाहिजे, बाकी काही नको."

"टीव्ही चपटा झाला ना, तवा त्याचा स्पीकरबी चपटा झाला," गोकुळ म्हणाला. "त्यो बी पाठीमागं, भिंतीकडं तोंड करून. आवाज भिंतीला आपटून येतो. म्हनून शब्द कळत न्हाईत."

मग त्यानं तीन प्रकार दाखवले. एक होम थिएटर, पाच छोटे डबे चार कोपऱ्यांत लावायचे आणि एक मोठा लाकडी खोका खाली धमाक्यासाठी. दुसरे दोन उंच स्पीकर, गाण्याला उत्तम पण जागा खातात. आणि तिसरी एक लांब काळी पट्टी, टीव्हीच्या खाली ठेवायची, तिच्याबरोबर एक छोटा खोका. तिला एकच वायर, टीव्हीतून निघून तिच्यात. आणि रिमोटवर एक बटण, दाबलं की माणसाचा आवाज पुढं येतो आणि बाकीचा गोंगाट मागं सरतो.

"हे बरंय," आमचे हे म्हणाले.

"ह्याट!" गोरखनं हात झटकला. "दाजी, पट्टी म्हंजी फळकूट. धमक कुठाय त्यात? आवाज छातीत बसला पायजे. हे होम थिएटर घ्या, मी येऊन वायरिंग करून देतो."

"गोरखशेठ, पत्र्याच्या खोलीत हा खोका घुमंल," गोकुळ म्हणाला. "मावशींना धमक नको, शब्द पायजेल."

"तू मला आवाज शिकवतो का रं?"

मी म्हटलं, भांडू नका, दोन्ही वाजवून दाखवा. गोकुळनं एक सिनेमातली मारामारी लावली. होम थिएटरवर गोळ्या सुटल्या तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. हे लहान पोरासारखे खूश. गोरखनं माझ्याकडं असं बघितलं, बघ, सांगत नव्हतो? पट्टीवर तीच मारामारी जरा सौम्य वाटली, पण हिरो मरताना काय पुटपुटला ते मला कळलं. ह्यांनाही कळलं.

"मावशी, असं न्हाई कळायचं," गोकुळ म्हणाला. "मशीन निवडायचं तर आपल्याला पाठ असल असं गानं लावायचं. घरच्या मानसाचा आवाज कसा, हे आपल्याला ठावं असतं. मशीन खोटं बोललं की लगीच समजतं."

घरच्या माणसाचा आवाज म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? मी म्हटलं, "माझ्या भाचीचं गाणं लावा. गोरखनाथाचं."

"ते कशाला?" गोरख पटकन म्हणाला. "ते मोबाईलवरचं गानं. हितं फाटंल ते. पिक्चरचं लाव रं गोकुळ."

"अहो शेठ, तुमच्याच पोरीचं ना? माझ्या पेन ड्राइव्हमधी हाय. जत्रेला दुसरं वाजतंय काय?" गोकुळनं लावलंसुद्धा.

आधी होम थिएटरवर. हलगी इतकी आदळली की कपाटातले मिक्सर हलले. आवाज कुठंतरी हलगीच्या मागं. गोरख म्हणाला, "बास, झालं. हेच घेऊ." घाम आला होता त्याला. मी म्हटलं, पंखा लाव रे गोकुळ, माझ्या भावाला उकडतंय. इतकी मी खुळी.

मग पट्टीवर. आणि त्या छोट्या खोक्यातून, हलगीच्या खाली, एक घरघर यायला लागली. मोबाईलवर कधीच ऐकू आली नव्हती ती. जमिनीतून पायाला लागल्यासारखी. घरघर, घरघर, टक्. घरघर, घरघर, टक्.

"अरे गोरख!" मी ओरडले. "हे आपलं जातं! ऐक, आईचा खुंटा! तुम्ही घाटघरच्या जात्यावर रेकॉर्डिंग केलंत होय?"

"जाती समदी सारखीच असत्यात ताई," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

मला इतका आनंद झाला होता की मी तेही सोडून दिलं. म्हटलं, गोकुळ, ते आवाजाचं बटण दाब बरं, पोरीचा आवाज पुढं येऊ दे.

त्यानं दाबलं.

हलगी मागं गेली. आणि माझ्यासमोर, हातभर अंतरावर, कुणी बाई बसून गायला लागली. "दळीते मी बाई नाचणी..." श्वास घेतलेला कळत होता. "झरझर"वर आवाज जरा खाली घसरतो आणि पुन्हा सावरतो, तेही कळलं. ओळ संपली आणि मागून, लांबून, हलकंच, "हं, माय."

माझी आई. माझी आई हुंकार देत होती.

आई गेली तेव्हा अक्षदा शाळेत होती. हे गाणं त्यानंतर किती वर्षांनी आलं. मग आई हुंकार कुणाला देतेय?

तेवढ्यात आमचे हे खुर्चीतून उठले, उजवा कान पट्टीला लावायला खाली वाकले, आणि तसेच वाकलेले राहून माझ्याकडं वळून म्हणाले, "नूतन, हा तुझा आवाज हाय."

डाव्या कानानं बहिरा माणूस. पण बायकोचा आवाज ओळखला. आणि मी दोन वर्षं तो आवाज पर्समध्ये घेऊन फिरत होते आणि भाचीचं कौतुक करत होते.

खरं सांगते, पहिल्यांदा राग नाही आला. पहिल्यांदा मला फक्त वाटलं, मी गात होते. खोटं नव्हतं ते. बाया बरं वाटावं म्हणून बोलत नव्हत्या. मी खरंच गात होते, आणि चांगली गात होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गोकुळ बिचारा घाबरून बंद करायला गेला, मी त्याचा हात धरला. म्हटलं, चालू राहू दे.

आणि मग दुसरी ओळ आली. "गोरखनाथ माझा आला..."

"मागं घे," मी म्हटलं. त्यानं मागं घेतलं. "गोरखनाथ." पुन्हा मागं घे. "गोरख" माझा. "माझा आला" माझा. मधलं "नाथ" दुसऱ्याच गळ्यातलं, कोवळं, जरा नाकातलं. सदऱ्याला ठिगळ लावावं तसं लावलेलं. आणि त्या ठिगळाच्या खाली, नीट कान दिला तर, पुसायचा राहिलेला एक "भा".

"गोरख," मी म्हटलं.

तो दाराकडं बघत होता.

"आरं गोरख! हिकडं बघ. मोबाईल कुकडीत पडला व्हता ना रं तुजा?" माझं घाटघर बाहेर आलं होतं. "पान्यात पडलेलं गानं वाळवून घेतलं व्हय?"

"ताई, दुकानात नको. घरी बोलू."

"न्हाई. हितंच बोल. ह्या मशीनसमोर बोल. हे खोटं बोलत न्हाई म्हणं."

मग बोलला. एकदा सुरू झाल्यावर भडाभडा बोलला, जसं काय त्यालाच मोकळं व्हायचं होतं. अक्षदाला गायची हौस, पण आवाज टिकत नव्हता. चार ठिकाणी पाठवून बघितलं, कुणी उभं करेना. पोरगी रडायची, खोली बंद करून बसायची. आणि त्याच्याकडं माझं गाणं होतं. मोबाईल कुठंच पडला नव्हता. त्यानं एका एडिटिंगवाल्याकडून माझा आवाज बारीक करून घेतला, म्हणजे पोरीच्या वयाचा वाटेल. हलगी घातली. मग एक अडचण आली. लेक बापाला भाऊ कशी म्हणेल? गोरखभाऊ माझा आला, असं अक्षदाच्या तोंडी कसं शोभेल? लोक हसतील. म्हणून तेवढा शब्द काढला आणि पोरीकडून "नाथ" म्हणून घेतलं.

"येकच शब्द बदलला ताई," तो म्हणाला. "बाकी समदं तुजं तसंच ठिवलंय."

म्हणजे त्या सगळ्या गाण्यात माझ्या भाचीचा एकच शब्द. आणि तो शब्द म्हणताना खाली कोण गातंय हे तिला ऐकू येत होतं. आत्याच्या आवाजावर हात ठेवून पोरीनं तो म्हटला, आणि नंतर दिवाळीला येऊन माझ्या पायाही पडली.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"कसं सांगनार? आनि ताई, राग मानू नको, तुजा आवाज तर गेलाच व्हता. पडून राह्यला असता. पोरीच्या कामी आला. घरच्या घरातच राह्यला ना?"

आमचे हे तेव्हा पुढं झाले. आयुष्यात पाव्हण्याला कधी वाकडं न बोललेला माणूस. म्हणाले, "पाव्हणं, बहिनीच्या नरड्यातलं काढून लेकीच्या नरड्यात घातलं, आनि वर घरातच राह्यलं म्हनता?"

केसानं गळा कापला असं लोक म्हणतात. मी ते शंभरदा ऐकलंय, स्वतःही बोललेय. कापला गेल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी समजलं. ज्यानं कापला तो माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता आणि अजूनही मला त्याच्या कपाळावरचा घाम पुसावासा वाटत होता, याची मला जास्त चीड आली.

मी इतकंच विचारलं, "मूळचं गाणं दे. ज्यात तुझं ठिगळ नाही ते. मला दुसरं काही नको. कुणाला सांगणार नाही, पोरीचं नाव खराब करणार नाही. ते माझ्या मोबाईलवर टाक आणि जा."

त्यानं खिशातली मोटारसायकलची किल्ली काढली.

"गोरख, गाणं दे माझं."

"न्हाई ते," तो पुटपुटला. "त्या एडिटिंगवाल्यानं काम करताना त्याच्यावरच केलं. मूळचं उडालं. मोबाईलमधलंबी मीच पुसलं, कुनाच्या हाती लागू नये म्हनून. ह्या वेळी खरं सांगतो ताई. आईची शपथ."

आईची शपथ! आणि आई मागं पट्टीतून "हं, माय" म्हणत होती, कारण गोकुळला बंद करायचं सुचलंच नव्हतं, गाणं फिरून फिरून वाजत होतं. मी हसले. त्या दुकानात उभी राहून माझ्या ह्या फाटक्या आवाजात मी इतकी हसले की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. म्हणजे माझा आवाज जगात आहे तो फक्त ह्या गाण्यात. आणि ह्या गाण्यात ते ठिगळ कायमचं आहे. ते काढून माझं गाणं परत करता येत नाही, ह्याला नाही, कुणालाच नाही.

गोरख जवळ आला. माझा हात धरायला गेला. "ताई, चुकलं. पन मी भाऊ हाय ना तुजा?"

"कुटंय?" मी म्हटलं. "दाखव मला. गान्यात हुडक. सगळ्या गान्यात तुजा म्हनून येक शब्द व्हता, तेवडा येकच. माजं नावबी न्हवतं त्यात, तुजं व्हतं. आनि तूच तो हातानं पुसलास. मला न्हाई पुसलंस रं. तू तुलाच पुसलंस. आता नाथ झालायस ना? मग देवळात बस."

तो गेला. मोटारसायकल दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा सुरू झाली. तो गेल्यावर मला एक आठवलं. मागच्या वर्षी एका जत्रेत हे गाणं लागलं होतं आणि सगळ्या बाया देवाचं नाव आलं म्हणून हात जोडून उभ्या होत्या. मीही जोडले होते. स्वतःच्याच आवाजाला, आणि स्वतःच्याच लबाड भावाला. त्या वेळी तो साउंडच्या गाडीजवळ उभा राहून मला बघत होता. तेव्हा त्याच्या पोटात काय झालं असेल, हे मला अजून कुणाला विचारता येत नाही.

गोकुळनं पाणी दिलं. मग जरा वेळानं, भीत भीत विचारलं, "मावशी, कोनतं बांधू?"

"पट्टी," मी म्हटलं. "दुसरं कोणतं? तिनंच तर सांगितलं."

त्यानं संध्याकाळी घरी येऊन टीव्हीखाली ती बसवली, एक वायर जोडली, छोटा खोका कपाटाशेजारी ठेवला. माझा मोबाईलही तिला जोडून दिला, गाणी ऐकायची असली तर. आता ह्यांना बातम्या कळतात, सिनेमातलं पुटपुटणं कळतं, मला काही विचारावं लागत नाही. बयाबाई भिंत वाजवत नाहीत. मशीन उत्तम आहे. कुणाला पत्र्याच्या घरात घ्यायचं असेल तर मी हेच सांगेन.

गाणं मात्र मी मुद्दाम लावत नाही. लावलं की ते ठिगळ येतं, आणि त्या वेळी मला पट्टी उचलून अंगणात फेकाविशी वाटते.

पण गोरख फोन करतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, कधी जेवताना. माफी मागायची असेल, किंवा पोरीकडून मागवायची असेल. मोबाईल पट्टीला जोडलेला असतो, आणि त्याच्या फोनला तेच गाणं लावलेलं, अजून मी बदललं नाही. मोबाईलच्या पडद्यावर "गोरखभाऊ" असं नाव येतं आणि घरभर जातं फिरायला लागतं. घरघर, घरघर, टक्. मग मी गाते. हातातलं काम ठेवून मी उंबऱ्यात बसते आणि ऐकते. नाचणी, पीठ, झरझर. आईचा हुंकार येतो.

परवा हे म्हणाले, "उचल की गं येकदा. किती दिस झाले. लहान भाऊ हाय."

मी म्हटलं, "उचलला की गाणं थांबतं."

त्यांनाही आता ठाऊक झालंय. न उचलता वाजू दिलं की ते दुसऱ्या ओळीपर्यंत जातं. "गोरख" एवढं मी म्हणते, आणि ठिगळ यायच्या आत रिंग संपते. रोज तिथंच संपते, भाऊ यायच्या आधी.